आप्त कोण? : माध्यमांचा शालेय अभ्यास आणि साक्षीचा प्रश्न

१

शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांत माध्यमे हा अभ्यासाचा विषय असावा की नसावा, या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा उपयुक्ततेच्या अंगाने होते. भाषा घेणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे पोट भरण्याचे साधन मिळेल का, वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांना लागणारे मनुष्यबळ घडेल का, साहित्याच्या अभ्यासाचा वाटा त्यामुळे कमी होईल का, अशा स्वरूपाचे प्रश्न तिच्यात अग्रभागी असतात. हे प्रश्न गैरलागू नाहीत. मात्र त्यांच्या गर्दीत एक मूलभूत नैतिक प्रश्न बाजूला पडतो. जे आपण स्वतः पाहिलेले नाही, ते कोणाच्या सांगण्यावरून खरे मानायचे आणि कोणाच्या सांगण्यावर अविश्वास दाखवायचा, याचे शिक्षण सतरा वर्षांच्या मुलाला कोण देते? माध्यमे हा विषय अभ्यासक्रमात असो वा नसो, हे शिक्षण त्याला मिळतच असते. ते जाणीवपूर्वक मिळावे की नकळत, एवढाच पर्याय अभ्यासक्रमाच्या हाती उरतो.

महाराष्ट्रात हा विषय मुख्यत्वे मराठीच्या आश्रयाने वर्गात आलेला आहे. बारावीच्या, २०२० साली आलेल्या, 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात 'उपयोजित मराठी' असा स्वतंत्र विभाग असून मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख हे त्याचे चार घटक आहेत. याच पुस्तकाच्या व्याकरणविभागात प्रयोगांचा अभ्यास आहे आणि साहित्यप्रकार म्हणून कथा नेमलेली आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीला जनसंपर्क माध्यमे हा स्वतंत्र विषयही घेता येतो. तेव्हा माध्यमांना शाळेत प्रवेश द्यावा का, हा प्रश्न मागे पडलेला आहे. ती कोणत्या रूपाने आत आली आणि येताना काय बाहेर ठेवून आली, हे तपासणे आता अगत्याचे आहे.

२

माध्यमशिक्षणाच्या इतिहासात तीन भूमिका ठळकपणे दिसतात. पहिली प्रतिबंधाची. एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस टॉम्पसन यांनी १९३३ साली 'कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट' हे शालेय वापरासाठीचे पुस्तक लिहिले, तेव्हा जाहिराती आणि लोकप्रिय वृत्तपत्रे यांचा अभ्यास त्यांना हवा होता तो विद्यार्थ्याची अभिरुची त्यांच्या संसर्गापासून वाचविण्यासाठी. देवीची लस टोचावी तशी ही कल्पना आहे : रोगाचा थोडा अंश शरीरात घालायचा, म्हणजे रोग होत नाही.

दुसरी भूमिका चिकित्सेची. रोलाँ बार्थ यांचे 'मिथॉलॉजीज' (१९५७), स्टुअर्ट हॉल यांचा संकेतन व विसंकेतन या प्रक्रियांविषयीचा १९७३ मधील निबंध आणि या विचारपरंपरेला वर्गापर्यंत आणणारे लेन मास्टरमन यांचे 'टीचिंग द मीडिया' (१९८५) हे या भूमिकेचे महत्त्वाचे टप्पे होत. माध्यमे वास्तवाचे प्रतिबिंब दाखवीत नाहीत, ती वास्तवाची रचना करतात, हे या भूमिकेचे सूत्र. विद्यार्थ्याने प्रत्येक संहितेला विचारावे : हे कोणी रचले, कोणासाठी, कोणाच्या हितासाठी, आणि काय वगळून? युनेस्कोच्या पुढाकाराने १९८२ साली ग्रुनवाल्ड येथे निघालेल्या जाहीरनाम्यात माध्यमशिक्षणाची जी मागणी करण्यात आली, तिच्यामागेही नागरिकाच्या चिकित्सक जाणिवेची अपेक्षा होती.

तिसरी भूमिका कौशल्याची. भारतात माध्यमांचा शिक्षणाशी संबंध प्रथम साधन म्हणून आला. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तेथे दूरचित्रवाणी शिकवीत होती, दूरचित्रवाणीविषयी शिकविले जात नव्हते. पुढे माध्यमे स्वतःच अभ्यासविषय झाली, तेव्हाही साधनाची ही कल्पना सुटली नाही. मुलाखत कशी घ्यावी, अहवालात कोणते मुद्दे असावेत, वृत्तलेखाचे शीर्षक कसे असावे, या क्रमाने विद्यार्थी ते साधन हाताळावयास शिकतो.

या तिन्ही भूमिकांत एक साम्य आहे. पहिलीत माध्यम हा धोका आहे, दुसरीत तो पडदा आहे, तिसरीत ते अवजार आहे. तिन्हींत विद्यार्थी आणि माध्यम हे दोनच पक्ष आहेत. ज्याच्याविषयी बातमी असते, किंवा ज्याच्या सांगण्यावर ती उभी राहते, तो तिसरा पक्ष या मांडणीत कोठेच नाही. हा तिसरा पक्ष म्हणजे साक्षी. त्याची अनुपस्थिती ही माध्यमशिक्षणातील केवळ तांत्रिक उणीव नाही. तो एक नैतिक दोष आहे. हे विधान अमूर्त पातळीवर ठेवण्यापेक्षा एका ठिकाणाच्या आधारे तपासलेले बरे.

३

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील गाव. मोहाडी आणि आंधळगाव हा परिसर कोशाच्या विणकामासाठी ओळखला जातो. येथील विद्यार्थ्याला माहितीपत्रक तयार करावयास सांगितले, तर त्याचा विषय बहुधा कोशाची साडी हाच असेल आणि त्यात गैर काही नाही. धागा कोठून येतो, रंग कोणता, विणीचे वैशिष्ट्य काय, हे तो नीटपणे लिहील. विणकराला एका साडीमागे काय मिळते, ही ओळ मात्र माहितीपत्रकाच्या प्रकृतीत बसत नाही. ती नसल्याने माहितीपत्रक अपुरे वाटत नाही, ते अधिक नेटके वाटते. लेखनप्रकार शिकवणे म्हणजे काय सांगावे एवढेच शिकवणे नव्हे. काय न सांगितले तरी चालते, हेही त्याबरोबर शिकविले जाते.

आंधळगावचे नाव महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीत आणखी एका कारणाने आहे. या गावच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत खैरलांजी हे लहानसे खेडे येते. तेथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. मुलगी बारावीच्या वर्गात शिकत होती. पती भैयालाल भोतमांगे बचावले आणि २०१७ साली निधन होईपर्यंत न्यायासाठी झगडत राहिले. कुटुंब बौद्ध होते. सप्टेंबरच्या आरंभी या कुटुंबाच्या निकटच्या परिचयातील, शेजारच्या गावच्या एका पोलीसपाटलाला मारहाण झाली होती. मारणाऱ्यांना ओळखून सुरेखाबाईंनी पोलिसांपुढे जबानी दिली. त्या प्रकरणातील आरोपी २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी संध्याकाळी हे हत्याकांड घडले.

भंडारा येथील विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०१० मध्ये फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत बदलल्या. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू झाली नाहीत. साक्षीवरून धरलेला सूड हा हत्येचा हेतू मानला गेला. या निष्कर्षावर दलित चळवळीने व अनेक अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. येथे त्या वादाच्या एकाच अंगाकडे लक्ष वेधायचे आहे. न्यायालयाचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला तरीही, ही स्त्री मारली गेली ती तिने पाहिलेले सांगितले म्हणून. साक्ष आणि जात हे दोन पर्यायी हेतू असल्यासारखे मांडले गेले. वास्तविक, कोणी साक्ष दिली असता तो उद्धटपणा ठरतो आणि कोणी दिली असता कर्तव्य, हे ठरविणारी व्यवस्था म्हणजेच जात होय.

४

या घटनेचे वृत्तांकन हा माध्यमाभ्यासाचा विषय म्हणून पाहिला असता काय दिसते? प्रथम दिसते ती दिरंगाई. महानगरांतील मोठ्या वृत्तपत्रांत घटनेचा सविस्तर वृत्तान्त यावयास सुमारे महिना लागला. 'टाइम्स ऑफ इंडिया'त सब्रिना बकवॉल्टर यांचा वृत्तलेख ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस आला. नोव्हेंबरमध्ये विदर्भातील शहरांत मोर्चे निघाले, त्यानंतरच दूरचित्रवाणीचे लक्ष तिकडे वळले आणि मग पुष्कळ ठिकाणी बातमी हत्येची न राहता मोर्चातील हिंसेची झाली. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मधील आपल्या पुस्तकात माध्यमांच्या या वर्तनाची चिकित्सा केलेली आहे.

याहून महत्त्वाची बाब आहे भाषेची. 'जमावाने चौघांना मारले', 'चौघांना मारण्यात आले' आणि 'चौघांची हत्या झाली' ही तीन वाक्ये बारावीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवावीत. घटना एकच आहे. पहिल्या वाक्यात कर्ता आहे. दुसऱ्यात तो वगळला आहे आणि तरीही वाक्य अपुरे वाटत नाही. तिसऱ्यात तर हत्या हीच व्याकरणदृष्ट्या कर्त्याच्या जागी येऊन बसते. प्रयोगांचा पाठ आणि वृत्तलेखाचा पाठ एकाच पुस्तकात आहेत, परंतु दोन वेगळ्या विभागांत आणि दोन वेगळ्या गुणांसाठी. ते एकत्र वाचले, तर प्रयोगविचार हा केवळ ओळखा-व-लिहा प्रकारचा व्यायाम राहत नाही.

मात्र येथे उतावीळपणे निष्कर्ष काढता कामा नये. खटला उभा राहण्यापूर्वी वृत्तपत्राने कर्त्याचे नाव न घेणे हा संयम आहे आणि तो कायद्याला व न्यायबुद्धीला धरून आहे. अकर्तृक वाक्यरचना म्हणजे सत्यापलाप असे समीकरण मांडणारी चिकित्सा बाळबोध ठरेल. प्रश्न वेगळा आहे. ज्या काळात आरोपींविषयी हा संयम पाळला जात होता, त्याच काळात मृत स्त्रीच्या चारित्र्याविषयीची गावातील कुजबूज घटनेचे कारण म्हणून बातम्यांतून पसरत होती. जिवंत संशयितांविषयी भाषा सावध होती, मृत साक्षीदाराविषयी ती बेफिकीर होती. संयम ही वृत्तविद्येतील गुणवत्ता खरीच, पण तो कोणाला दिला जातो आणि कोणाला नाकारला जातो, हे पाहिल्याविना तिचे मूल्यमापन होत नाही. विद्यार्थ्याला शिकवायचे ते हे विषम वाटप ओळखावयास.

५

येथे चिकित्सेच्या भूमिकेची मर्यादा स्पष्ट होते. प्रत्येक वृत्त ही रचना आहे, म्हणून प्रत्येक वृत्ताकडे संशयाने पाहावे, असे शिकविले तर विद्यार्थी अधिक सुज्ञ होतो असे गृहीत धरले जाते. परंतु खैरलांजीच्या प्रकरणात संशयाची वाण कधीच नव्हती. पाहणाऱ्याच्या सांगण्यावर संशय होता, बचावलेल्या पतीच्या फिर्यादीवर संशय होता, मृतांच्या नातलगांच्या हेतूवर संशय होता. संशय हे दुर्बलांच्या हातचे शस्त्र आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. ते बलवानांच्या हाती अधिक सहज येते, कारण त्यांना काही सिद्ध करावयाचे नसते, समोरच्याचे सांगणे डळमळीत करणे एवढेच त्यांना पुरते. 'सारेच रचलेले' हे सूत्र साक्षीलाही लागू पडते आणि मग अत्याचाराचे कथन व त्याचा इन्कार या केवळ दोन समतुल्य संहिता उरतात.

उलट बाजूचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली होती. येथे संदेशावर विश्वास बसला, आणि समोर उभी असलेली माणसे स्वतःविषयी जे सांगत होती त्यावर बसला नाही. पहिल्या घटनेत अतिसंशय आणि दुसऱ्यात अतिविश्वास, असे वरवर दिसते. वस्तुतः दोन्हींत विश्वास आणि संशय हे दोन्ही होते आणि दोन्हींत त्यांचे वाटप माणसाच्या सामाजिक स्थानानुसार झाले होते. म्हणून संशय वाढवावा की विश्वास, हा माध्यमशिक्षणापुढील खरा प्रश्न नव्हे. या दोहोंचे वाटप कोणत्या निकषावर करावे, हा आहे.

६

या निकषाचा विचार भारतीय तत्त्वज्ञानात फार पूर्वी झालेला आहे. चार्वाकांनी प्रत्यक्ष हेच प्रमाण मानले. वैशेषिकांनी आणि दिङ्नागादी बौद्ध आचार्यांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण न मानता त्याचा अंतर्भाव अनुमानात केला. नैयायिकांनी मात्र शब्द हे चौथे प्रमाण मानले आणि त्याचा आधार आप्ताच्या सांगण्यात शोधला. आप्त म्हणजे ज्याला वस्तू साक्षात ज्ञात आहे आणि जशी ज्ञात आहे तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा मनुष्य. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात याला जी जोड दिली, ती विलक्षण आहे : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समानच लागू पडते. आप्तत्व हे कुळात नाही, पदात नाही, पाहण्यात आणि सांगण्याच्या इच्छेत आहे.

याच परंपरेत धर्मशास्त्राने मात्र साक्षीदाराची पात्रता वर्ण आणि लिंग यांनुसार वाटून दिली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्त्रियांसाठी स्त्रियांनी, द्विजांसाठी तत्सम द्विजांनी आणि शूद्रांसाठी शूद्रांनी साक्ष द्यावी असा दंडक आहे. म्हणजे ज्ञानमीमांसेने ज्याला समान मानले, त्याची समाजव्यवहाराने उतरंड लावली. आधुनिक वृत्तव्यवहाराने यांतील कोणता वारसा घेतला, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासालाही विचारता येतो. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले. १८७७ मध्ये 'दीनबंधू' आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' यांना स्वतंत्रपणे निघावे लागले, ते आधीच्या पत्रांच्या स्तंभांत ज्यांच्या सांगण्याला जागा नव्हती त्यांच्यासाठी. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, याची नोंद आंबेडकरांच्या चरित्रात आहे. ज्याला बोलता येत नाही तो मूक, हा झाला कोशातला अर्थ. ज्याचे बोलणे प्रमाण मानले जात नाही तोही मूकच, हे त्या नावामागचे भान होय.

नैयायिकांच्या भूमिकेवर बौद्धांचा आक्षेप असा की, सांगणारा आप्त आहे हे ठरवावयास अनुमानच करावे लागते, मग शब्दाचे स्वातंत्र्य कोठे राहिले? हा वाद येथे निकालात काढण्याचे कारण नाही. शिक्षणाच्या दृष्टीने दोन्ही पक्षांतून एकच गोष्ट हाती लागते. विश्वासार्हतेचे अनुमान करावे लागतच असेल, तर ते कोणत्या हेतूवरून करावे हे शिकविता येते. याने पाहिले आहे का, सांगण्यात याचे काय जाते आणि काय येते, हे सांगून याने कोणता धोका पत्करला आहे, हे हेतू सद्धेतू होत. आडनाव, वस्ती, भाषेचा हेल आणि चारित्र्याविषयीची कुजबूज हे हेत्वाभास होत. उपयोजित मराठीचे चार घटक या दृष्टीने पुन्हा पाहिले, तर त्यांचे स्वरूप पालटते. मुलाखत हे प्रश्न विचारण्याचे कसब उरत नाही, दुसऱ्याला आप्त मानून ऐकण्याची ती शिस्त ठरते. अहवाल हा मुद्द्यांचा आराखडा न राहता कोणाच्या सांगण्यावरून काय नोंदविले याचा हिशेब होतो. पोलीस ठाण्यातील पहिली खबर हीदेखील अहवालच आहे आणि ती कशी लिहिली गेली यावर पुढचे सारे अवलंबून असते, हे विद्यार्थ्याला कधीतरी कळले पाहिजे.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशा घटना सतरा वर्षांच्या मुलांपुढे, विशेषतः त्याच परिसरातील मुलांपुढे, ठेवणे निष्ठुरपणाचे आहे. वर्गात वेगवेगळ्या समाजांतील मुले शेजारी शेजारी बसतात, कोणाचे नाते कोणाशी असेल सांगता येत नाही आणि गावात राहणाऱ्या शिक्षकालाही उद्या तेथेच राहायचे असते. हा आक्षेप गंभीर आहे. आंधळगाव-मोहाडीच्या शिक्षकाने हा विषय वर्गात घेतला नाही, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार दूरच्या नगरातील अभ्यासकाला नाही. शिवाय, या हत्याकांडावर पाच गुणांचा प्रश्न बनविणे ही मृतांची नवी विटंबना ठरेल. तेव्हा आग्रह घटनेचा नाही, पद्धतीचा आहे. कोशाच्या माहितीपत्रकातील न लिहिलेल्या ओळीपासूनही ही पद्धती शिकविता येते. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, मौनही शिकवते. ज्या गोष्टीविषयी घरात, पारावर आणि भ्रमणध्वनीवर सारे बोलतात आणि केवळ वर्गात कोणी बोलत नाही, तिच्याविषयी वर्गाचे म्हणणे काय आहे, हे मुले बरोबर ओळखतात.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. माध्यमांचा अभ्यास वाढला की कवितेचा व कथेचा अवकाश आक्रसतो. गुणविभागणीच्या पातळीवर हे खरे असू शकेल. पण वर सुचविलेला अभ्यास साहित्याच्या अभ्यासावाचून होणारच नाही. निवेदक कोण, तो काय जाणतो, कोणाच्या दृष्टिकोणातून पाहतो, कोणाला बोलू देतो आणि कोणाविषयी नुसते बोलतो, हे प्रश्न विद्यार्थी कथेच्या निमित्ताने शिकतो. बातमीला हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण कथेतूनच येऊ शकते. फरक असा की, कथेतील निवेदकावर अविश्वास दाखविल्याने कोणाची हानी होत नाही. बातमीतील साक्षीवर दाखविलेल्या अविश्वासाची किंमत एखाद्याला द्यावी लागते. हा फरक साहित्यसमीक्षेने नजरेआड केला, तर तिची चिकित्सा हे केवळ कसब ठरेल आणि कौशल्यवादाला दिलेला दोष तिच्याही पदरात पडेल.

गावाच्या नावावर कोटी करण्याचा मोह अशा लेखनात सहज होतो. तो टाळलेलाच बरा, कारण न दिसणे ही येथील अडचण कधीच नव्हती. सुरेखा भोतमांगे यांनी पाहिले होते आणि पाहिलेले सांगितलेही होते. ज्या वयात त्यांची मुलगी बारावीचा अभ्यास करीत होती, त्याच वयाची मुले आज मुलाखत आणि अहवाल या लेखनप्रकारांचा अभ्यास करतात. सांगणाऱ्याचे ऐकून घेणे हा त्या अभ्यासाचा भाग मानायचा की नाही, हे अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी अद्याप ठरविलेले नाही.